परदेशातली नोकरी संपवून परत आलास, आता आधी एवढंच सांभाळ

पहिले काही आठवडे सगळे कौतुक करतात, खरा त्रास त्यानंतर. आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटतं. घाबरू नकोस, गुलाहॉर्न या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ दांपत्याने १९६३ मध्येच परतल्यानंतरची मनाची ही घसरण आलेखात मांडली होती.

नवखे हमखास करतात त्या चुका:

- आल्या आल्या कारभार हातात घेणं. तू नसताना घरच्यांनी सगळं निभावलंय, आधी विचारून घे. मुलं लगेच जवळ येणार नाहीत. त्यांच्या मागे लागू नकोस.
- साठवलेला पैसा लगेच धंद्यात किंवा उसनवारीत घालणं. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा काढ.
- 'तिकडे असं नव्हतं' हे पालुपद. (लोक खरंच कंटाळतात.)

अनुभवाचा दाखला किंवा पगार राहिला असेल तर आजच मालकाला लेखी कळव. गुंतवणुकीचं नंतर बोलू.