तांदळाच्या नूडल्समध्ये परवानगी नसलेला जीएम (जनुकांत बदल केलेला) तांदूळ आहे का, हे लॅबमध्ये कळतं का?

हो कळतं, शिजवलेल्या-वाळवलेल्या मालातही कळतं, फक्त टेस्ट रिअल-टाइम पीसीआरचीच (डीएनएच्या ठराविक तुकड्याच्या प्रती वाढवून तो ओळखणारी) करून घ्या. प्रोटीन शोधणाऱ्या स्ट्रिपवर इथे विसंबू नका, उष्णतेने प्रोटीनचा आकार बिघडतो आणि स्ट्रिपला काही दिसतच नाही. डीएनएचेही तुकडे होतात, पण साधारण १०० बेस जोड्यांचा (डीएनएची लांबी मोजायचं एकक) तुकडा शाबूत असला तरी काम भागतं. लॅबवाले आधी तांदळाचं स्वतःचं जनुक (पीएलडी वगैरे) सापडतंय का बघतात, तेच नाही मिळालं तर ‘जीएम आढळलं नाही’ या रिपोर्टला काही अर्थ नाही, हे आधी तपासा. मग ३५एस प्रमोटर आणि नॉस टर्मिनेटर (बऱ्याच जीएम पिकांत घातलेल्या जनुकाची सुरुवात आणि शेवट ठरवणारे डीएनएचे तुकडे) आणि शेवटी त्या वाणात घातलेल्या जनुकांचा खास जोड शोधतात. २००६ मध्ये चीनहून युरोपात गेलेल्या तांदळाच्या पदार्थांत बीटी६३ हा परवानगी नसलेला जीएम तांदूळ सापडला तो अशाच टेस्टने. एक मात्र आहे, नुसतं ३५एस पॉझिटिव्ह आलं म्हणून तांदळावर खापर फोडू नका, तो तुकडा मुळात फ्लॉवर-कोबीवर पडणाऱ्या एका व्हायरसचा आहे, त्यामुळे तो व्हायरस असला तरी टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते, शिवाय जीएम सोया किंवा मका मिसळला असेल तरी तो दिसतो.