'रसायनमुक्त' आंबे म्हणावं का?

एका वाचकाने विचारलं आहे : "मार्केट यार्डात एका गाळ्यावर 'रसायनमुक्त हापूस' अशी पाटी दिसली. 'केमिकल फ्री'साठी हा मराठी शब्द बरोबर आहे का? की 'रसायनविरहित' म्हणावं?"

व्याकरणाने दोन्ही शब्द ठीक आहेत. कर्जमुक्त, भयमुक्त, तसाच रसायनमुक्त. अडचण आहे ती अर्थाची. आंब्यातलं पाणी रसायन, साखर रसायन, आंबटपणा आणणारं सायट्रिक आम्ल रसायन, केशरी रंग देणारं कॅरोटीनही रसायनच. ही सगळी वजा केली तर आंबाच उरत नाही.

पाटी लिहिणाऱ्याला सांगायचं असतं ते एवढंच, की हा आंबा कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या ठेवून पिकवलेला नाही. कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि फळाला रंग चढतो. पण बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, म्हणून फळं पिकवण्यासाठी त्यावर बंदी आहे. इथिलीन वायू मात्र चालतो, दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत. कारण इथिलीन फळ स्वतःच तयार करतं. हे रिचर्ड गेन यांनी 1934 साली सिद्ध केलं. कोकणात अढी लावणारे मात्र त्याचा उपयोग त्याच्या कितीतरी आधीपासून करत होते. गवतात आंबे रचून झाकले की हा वायू आतच कोंडतो आणि एकापाठोपाठ एक आंबा पिकत जातो. म्हणजे अढीतला आंबाही रसायनानेच पिकतो.

आणि 'रसायन' हा शब्द आपल्याकडे मुळात वाईट अर्थाचा नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग म्हणजे रसायन. बळ आणि आयुष्य वाढवणारी, म्हातारपण लांब ठेवणारी औषधं त्यात येतात. चरकसंहितेत च्यवनप्राश याच प्रकरणात सांगितला आहे. तेव्हा च्यवनप्राशाच्या बरणीवर 'रसायनमुक्त' छापलं, तर वैद्यकाच्या भाषेत ते उघड चूक ठरेल. 'तो माणूस म्हणजे अजब रसायन आहे' असं म्हणतानाही आपल्या बोलण्यात बहुधा कौतुकच असतं. पाषाणला 1950 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं नाव घेताना कुणा पुणेकराला त्यातला 'रासायनिक' खटकत नाही.

खटकायला लागला तो शेतीतून. शेणखताच्या विरुद्ध रासायनिक खत, अशी जोडी पडली आणि 'सेंद्रिय' शब्द चांगल्याच्या बाजूला गेला. यात एक मोठा घोळ आहे. शेतकऱ्याच्या भाषेत युरिया रासायनिक, आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकात तोच युरिया सेंद्रिय संयुग! सेंद्रिय पदार्थ फक्त सजीवांतच तयार होतात, या समजुतीला 1828 साली पहिला मोठा धक्का बसला तो युरियामुळेच. फ्रीड्रिख व्होलर यांनी तो प्रयोगशाळेत बनवून दाखवला.

मला वाटतं, आपण पदार्थाचं नाव घ्यायचं सोडलं, म्हणून हे झालं. तुरटी, नवसागर, मोरचूद, हिराकस, टाकणखार, पापडखार : मराठीत प्रत्येकाला स्वतःचं नाव आहे, आणि नावासोबत उपयोगही येतो, धोकाही. मोरचूद विषारी, तुरटी गढूळ पाण्यात फिरवायची, हे वेगळं सांगावं लागत नसे. कल्हई करताना कधी जवळून पाहा. तापलेल्या भांड्यात कथील फिरवून नवसागराची चिमूट टाकली, की पांढरा धूर उठतो. त्या उष्णतेत नवसागरातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, तांब्यावरचा ऑक्साइडचा थर निघतो आणि उघड्या धातूला कथील धरतं. कल्हईवाला 'केमिकल टाकलं' म्हणत नाही, 'नवसागर टाकला' म्हणतो.

गुळाच्या दुकानातही हीच पाटी असते, म्हणून तेही सांगतो. गुऱ्हाळात काहिलीतल्या रसात भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात, त्याने मळी वर येते. आंबटपणा मारायला चुना घालतात, नाहीतर गूळ नीट कणीदार होत नाही. दोन्ही जुन्या रीती, आणि दोन्ही रसायनंच. गिऱ्हाइकाला नको असतो तो गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून टाकलेला हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट.

तेव्हा माझं उत्तर : 'रसायनमुक्त' नको आणि 'रसायनविरहित'ही नको. गुळावर 'हायड्रोस न घातलेला' लिहावं, हापूसवर 'कार्बाइड न वापरता पिकवलेला', आणि खरोखरच तसा असेल तर नुसतं 'अढीचा हापूस'. या जागी 'सेंद्रिय'ही लिहू नये. तो शब्द बाग कशी राखली ते सांगतो. फळ उतरवल्यावर ते कसं पिकवलं, हे त्यातून कळत नाही.