वकीलपत्राच्या आधी तारखांची वही

प्रश्न असा आहे: "मी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. इमिग्रेशनचं काम करणारे वकील अडचणीत सापडलेल्या लोकांसाठी नेमकं काय करतात? कोल्हापूरसारख्या शहरात हे काम मिळतं का?"

मिळतं, पण त्या नावानं मिळत नाही. 'इमिग्रेशन' अशी पाटी आपल्याकडे व्हिसा कन्सल्टंट लावतात, आणि त्यांच्याकडून हात पोळून आलेली माणसं मग वकील शोधतात. मी कोल्हापुरात चौदा वर्षं वकिली करते. सुरुवात कौटुंबिक आणि फौजदारी कामांनी झाली. त्यातूनच परदेशातला नवरा, आखातात अडकलेला मुलगा, संपलेला व्हिसा अशी प्रकरणं येत गेली. आता माझं निम्मं काम हेच आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. अमेरिकेच्या किंवा दुबईच्या कायद्यावर मी सल्ला देत नाही. सनद इथली आहे. तिथल्या कोर्टात तिथलाच वकील लागतो. त्याच्या हातात धड कागद आणि धड हकिकत पोचवायची आणि इथली बाजू लढवायची, एवढं माझं. ऐकायला किरकोळ वाटेल, पण बहुतेक केसेस याच टप्प्यावर बिघडतात.

माझ्याकडे फुलस्केप वह्या आहेत. पहिल्या भेटीत कायद्याचा विषय काढायचा नाही, वकीलपत्रावर सही नाही. फक्त तारखा. लग्न कधी, पासपोर्ट कधी, विमान कधी, पहिल्यांदा मारलं कधी, पैसे कुणाला कधी दिले. घाबरलेल्या माणसाला तारखा आठवत नाहीत, म्हणून मी कॅलेंडर विचारतच नाही. "पुराच्या आधी की नंतर?" असं विचारते. "कुठल्या पुराच्या, 2019 च्या की 2021 च्या?" कोल्हापूरच्या माणसाला हे बरोबर सांगता येतं. नाहीतर जोतिबाची चैत्र यात्रा, अंबाबाईचं नवरात्र, ऊस तुटायचे दिवस.

दोन-तीन वर्षांपूर्वी एक मुलगी वडिलांबरोबर आली. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते. हातात कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापडदुकानाची पिशवी, त्यात सगळे कागद. नवरा अमेरिकेत नोकरीच्या एच-1बी व्हिसावर, ही त्याची बायको म्हणून एच-4 वर, म्हणजे हिचं तिथलं राहणं नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेलं. चुलतभावाच्या लग्नाला म्हणून तो तिला घेऊन आला, 'जपून ठेवतो' म्हणत पासपोर्ट स्वतःकडे घेतला आणि आठव्या दिवशी एकटाच परत गेला. महिन्याभरानं ईमेलवर तिथल्या कोर्टातला घटस्फोटाचा अर्ज.

वडील म्हणाले, "वकीलबाई, ती काय बोलत न्हाई. मीच सांगतो सगळं." त्यांनी सगळं सांगितलं, तीन भेटी सांगितलं. वहीतला एक आठवडा मात्र कोरा राहत होता. चौथ्या वेळी मी त्यांना म्हटलं, "काका, खाली जाऊन चहा घेऊन या, मला तिच्या कागदांवर सह्या घ्यायच्यात." ते जिना उतरले आणि ती म्हणाली, "मॅडम, मी तिकडं एका कागदावर सही केली होती. त्यानं बँकेचं आहे म्हणून सांगितलं. मी एमएस्सी झालेली आहे ओ. बाबांना कसं सांगू?"

तो कागद म्हणजे समन्स मिळाल्याची आणि ते कोर्ट मान्य असल्याची कबुली. परदेशी कोर्टाच्या घटस्फोटाबद्दल आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा 1991 चा वाय. नरसिंह राव खटल्याचा निकाल तुम्ही वाचला असेल. पत्नीनं स्वेच्छेनं त्या कोर्टाचा अधिकार स्वीकारला की नाही, यावर त्यात बरंच काही ठरतं. म्हणजे जे सांगायला तिला लाज वाटत होती, अख्खी केस त्याच्यावर उभी होती. मी असं वारंवार पाहिलंय. माणूस गुन्हा लपवत नाही, स्वतःचा वेडेपणा लपवतो. आणि बरेचदा तो वकिलापासून नाही, खोलीत बसलेल्या आपल्याच माणसापासून लपवत असतो. त्यामुळे नातेवाइकांना बाहेर कसं पाठवायचं हे शिकून घ्या. हे कॉलेजात कुणी शिकवत नाही.

सही कुठल्या दिवशी केली, विचारलं. तारीख आठवेना. मग म्हणाली, "गौरी जेवणाच्या दिवशी. माझ्या हाताला पुरण लागलं होतं, ओट्यावरच केली." कागदावर शिक्का होता नोटरीच्या ऑफिसात, नोटरीसमोर सही झाल्याचा. आईच्या फोनवर तिनं त्या दिवशी पाठवलेले ताटाचे, गौरीचे, पुन्हा ताटाचे फोटो होते. फोनवर वेळ इथली दिसते, ती तिथल्या वेळेत फिरवून घ्यावी लागली. शिक्क्यावरच्या वेळेला बाई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. ते फोटो आणि प्रतिज्ञापत्र तिथल्या, मोफत कायदेशीर मदत करणाऱ्या एका वकिलाकडे गेलं. रात्री नऊला आमचं बोलणं व्हायचं, तेव्हा तिकडे सकाळ. एकतर्फी निकाल थांबला. प्रकरण अजून चालू आहे.

इथं तक्रार कुठं करायची हा प्रश्न पूर्वी मोठा होता, कारण मारहाण अमेरिकेत आणि सासर दुसऱ्याच जिल्ह्यात. 2019 च्या रूपाली देवी निकालानंतर पत्नीनं जिथं आसरा घेतला तिथंही 498 अ ची, म्हणजे सासरच्या छळाची, तक्रार चालते. आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम 85. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तर तात्पुरतं राहण्याचं ठिकाणही पुरतं. ब्रिटनचा कायदा या बाबतीत थोडा पुढे गेलाय. जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्या आणि फसवून मायदेशी टाकून दिलेल्या व्यक्तीला 2024 पासून बाहेरूनही तिथं परतण्यासाठी अर्ज करता येतो. एच-4 वाल्या मुलीला असं काही सांगता येत नाही, आणि ते तिच्या तोंडावर सांगणं जड जातं.

माझी एक चूकही सांगते. दुसऱ्या एका प्रकरणात प्रतिज्ञापत्रात मी लिहिलं, "13 तारखेला रात्री घरातून हाकललं." पोरगी 14 तारखेला मुंबईत उतरली, तिनं एक दिवस मागं मोजला, मीही मोजला. पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून 12 ला संध्याकाळी निघालेला माणूस इथं 14 ला उतरतो. 13 तारीख विमानातच जाते. समोरच्या वकिलांनी पासपोर्टवरचा शिक्का दाखवून विचारलं, "तुमच्या अशील त्या रात्री घरात होत्या की आकाशात?" कोर्टात हशा. ती खरं बोलत होती, खोटी ठरली माझ्या गणितामुळे. दुरुस्तीचा अर्ज मंजूर झाला, पण तो हशा काही पुसला गेला नाही.

आखाताची प्रकरणं तुलनेनं सरळ आणि जास्त निराश करणारी. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', असा शेरा असतो. त्याला ठरावीक 18 देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते. त्यासाठी नोंदणीकृत एजंट, करार, विमा हे सगळं आलं. एजंटाची फी जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी. विम्याचा दोन वर्षांचा हप्ता फक्त 275 रुपये आणि अपघाती मृत्यूला 10 लाखांचं संरक्षण. एजंट हे सगळं टाळायला पोराला व्हिजिट व्हिसावर पाठवतो आणि वर लाखभर घेतो. शिरोळकडची एक आई मला म्हणाली, "एजंट गावातलाच हाय, फसवायचा न्हाई खरं." आपल्याकडे हे 'खरं' म्हणजे 'पण', आणि त्या पणच्या पुढचं तिला मी विचारायला हवं होतं. अशा वेळी परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार, दूतावासाशी पत्रव्यवहार आणि इथं एजंटावर गुन्हा एवढंच हातात असतं. पोरगं परत येतं. पैसे क्वचित येतात.

परदेशी नागरिकांचीही कामं असतात. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंदणी एसपी ऑफिसात होते, तिथल्या खिडकीशी ओळख ठेवा. गांधीनगरात पाकिस्तानातून आलेली काही सिंधी कुटुंबं वर्षानुवर्षं लाँग टर्म व्हिसाच्या मुदतवाढीवर जगतात. गंमत बघा, 1943 ते 1948 मध्ये पोलंडचे पाच हजारांच्या आसपास निर्वासित वळिवड्याच्या ज्या छावणीत राहिले, त्याच जागी फाळणीनंतर सिंधी लोक आले आणि गांधीनगर वसलं. बेघरांना कोल्हापूर नवं नाही. कागद मात्र प्रत्येकाला नव्यानं दाखवावे लागतात.

पैशाचं विचाराल तर या कामात फार नाही. महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे मी पहिल्याच भेटीत सांगते, मग त्या माझ्याकडे येवोत वा न येवोत. एक सोय मात्र नक्की झाली. पूर्वी पासपोर्ट अडवला की उच्च न्यायालयात रिट अर्ज करायला रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची, सकाळी मुंबई, पुकारा झालाच नाही तर रात्री तीच गाडी उलट. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच, कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोर सुरू झालं. आता अशिलाची आईसुद्धा सुनावणीला येऊन बसू शकते.

सुट्टीत एखाद्या वकिलाकडे बसायचा विचार असेल तर जरूर बसा. वही घेऊन जा आणि पेन्सिल घ्या, पेन नको. पहिल्या तीन भेटींत लिहिलेल्या तारखा चौथ्या भेटीत खोडाव्या लागतात.