तर्ज, चाल, राग : दोन मुलखांची गाणी शेजारी ठेवताना

वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शिक्षिकेने विचारलं आहे : शाळेच्या स्नेहसंमेलनात भुलाबाईचं गाणं, खंजिरीवरचं भजन आणि 'मोलीह्वा' हे चिनी लोकगीत लागोपाठ बसवलंय. सूत्रसंचालनात वाक्य आहे, 'हे चिनी गीत आपल्या भूप रागात असून त्याची तर्ज आपल्या भजनासारखीच आहे.' सोबतचे शिक्षक म्हणतात 'तर्ज' हिंदी, 'चाल' लिहा. भजनी मंडळाचे पेटीमास्तर म्हणतात 'तर्ज'च बरोबर. मग काय लिहावं?

'तर्ज' की 'चाल' हा वाद लवकर मिटतो. तर्ज मूळ अरबी. अर्थ रीत, घडण. फारसी-उर्दू-हिंदीतून तो इकडे आला आणि टिकला, कारण 1956 पर्यंत नागपूर आणि हिंदी मुलूख एकाच प्रांतात होते. भजनाच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर कंसात कुठे 'चाल : अमुक' छापलेलं असतं, कुठे 'तर्ज : अमुक'. दोन्हींचा अर्थ एकच : शब्द बदलले तरी जी स्वरांची ओळ तशीच राहते ती. खेड्यात बोलताना 'तर्ज' म्हटलं तर कुणीही सुधारायला जाऊ नये.

खरी चूक वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. 'तर्ज सारखी' म्हटलं की दावा मोठा होतो. चाल सारखी म्हणायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात : स्वर कोणत्या क्रमाने येतात, कोणता स्वर किती वेळ थांबतो, आणि जोर कुठे पडतो. याचं चोख उदाहरण म्हणजे स्कॉटलंडचं 'ऑल्ड लँग साइन' आणि रवींद्रनाथांचं 'पुरानो शेइ दिनेर कथा'. बंगाली गाणं स्कॉटिश चालीवरच बेतलेलं आहे. शब्द वेगळे, गायकी वेगळी, पण पहिली ओळ पेटीवर वाजवली की कोणतं गाणं वाजतंय हे सांगता येत नाही. तिथे 'चाल तीच' हे शब्द शोभतात. भजन आणि मोलीह्वा यांच्यात पाच स्वरांची भरती सारखी असेल, पण ओळ वेगळी आहे. त्याला 'मिळतंजुळतं' म्हणा. 'उचललेली चाल' तर मुळीच म्हणू नका. कुणाकडून कुणाकडे गेली याचा पुरावा असल्याशिवाय तो शब्द वापरणं अन्यायाचं आहे.

आता 'भूप रागात'. इथे घाई नको, कारण शाळेत सगळ्यात जास्त गोंधळ याच शब्दाचा होतो. भूपात म आणि नी वर्ज्य. उरले सा रे ग प ध. पण हेच पाच स्वर देशकार या रागातही आहेत. भूपात वादी, म्हणजे मुख्य स्वर, ग; देशकारात ध. त्यामुळे एक पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमतो, दुसरा उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्यात. म्हणजे आपल्याच दोन रागांना स्वरांची यादी पुरत नाही, तर चिनी गाण्याला ती कशी पुरेल? राग म्हणजे स्वर, शिवाय त्यांची वागणूक. चिनी गवयाने भूपाचं चलन (स्वर वापरायची रीत) शिकून ते गाणं रचलेलं नाही. म्हणून 'भूप रागात' ऐवजी 'भूपाचे पाच स्वर' म्हणावं.

तेही म्हणायच्या आधी पेटीवर एक प्रयोग करून पाहावा. फक्त काळ्या पट्ट्या वापरायच्या, पांढऱ्यांना हात लावायचा नाही. सप्तकातल्या काळ्या पट्ट्या दोनच्या जोडीपासून एक ते पाच मोजायच्या. काळी तीनला सा धरला तर भूपाचे स्वर मिळतात. त्याच पाच पट्ट्या ठेवून सा काळी चारला नेला की मधमाद सारंग, काळी पाचला मालकंस, काळी एकला दुर्गा, काळी दोनला धानी. पट्ट्या हलल्या नाहीत, फक्त घर, म्हणजे सा, हललं. प्रत्येक वेळी भात्यावर तो सा धरून ठेवा, म्हणजे फरक मुलांच्याही कानाला लगेच कळतो. सा धरला नाही तर पाचही प्रकार एकाच सुरावटीचे तुकडे वाटतात आणि प्रयोग फसतो. चिनी शास्त्रातही नेमकी हीच सोय आहे. पाचांपैकी कोणता स्वर घरचा यावरून पाच प्रकारांना पाच नावं आहेत. भूपासारख्या मांडणीला ते 'गोंग' म्हणतात.

मोलीह्वाची सगळीकडे ऐकू येणारी चाल च्यांग्सू प्रांताकडची. तिची सुरुवात काळ्या पट्ट्यांवर अशी : पाच पाच, वरची एक, दोन, तीन तीन, दोन, एक, मग एक दोन एक. काळी तीनला सा मानून वाचलं तर ग ग प ध सां सां ध प, प ध प. कुणालाही भूपच आठवेल. पण गाणं संपतं कुठे ते पाहा. शेवटची ओळ उतरत उतरत खालच्या प वर, म्हणजे खालच्या काळी एकवर येऊन विसावते. ज्या स्वरावर गाणं विसावतं तो सा मानला तर हे दुर्गाचे स्वर झाले. म्हणजे प्रश्नातल्या वाक्यात रागाचं नावही डळमळीत आहे. इटालियन संगीतकार पुच्चिनीने हीच चाल 'तुरांदोत' या ऑपेरात घेतली (पहिला प्रयोग मिलान, 1926) आणि तिच्याखाली वाद्यवृंदाचे मेळस्वर (एकदम वाजणारे अनेक स्वर) ठेवले. चाल ओळखू येते, पण ऐकणारा आता त्या मेळस्वरांवरून घर ठरवतो. अशा वेळी 'चाल चिनी, मांडणी इटालियन' असं दोन शब्दांत सांगता येतं. 'चाल' हा शब्द काटेकोर ठेवला तरच हे जमतं.

ठेक्यालाही हाच नियम लागतो; तिथे सा च्या जागी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येते. बल्गेरियाचं राचेनित्सा हे नृत्य सात मात्रांचं, 2+2+3. आपला रूपक ताल सात मात्रांचा, 3+2+2. टाळ्या वाजवून मोजलं तर दोन्ही एकाच साखळीचे आहेत, फक्त आरंभ वेगळ्या कडीपासून. त्यातून रूपकाची सम खालीवर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर. म्हणून 'सात मात्रा दोन्हीकडे' हे खरं, 'ताल एकच' हे खोटं. वॉल्ट्झ या युरोपी नाचाच्या ठेक्याला दादरा ताल म्हणण्यातही हीच गफलत होते : वॉल्ट्झचा जोर दर तिसऱ्या मात्रेनंतर परततो, दादरा सहा मात्रांचा आणि चौथ्या मात्रेवर खाली आहे. ढोलकीवाल्याला 'दादरा धर' म्हणून सांगितलं तर गाणं निभावेल, पण निवेदनात तसं लिहू नये.

भुलाबाईच्या गाण्याला तर 'राग' हा शब्दच लावू नका. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली जी गाणी म्हणतात ती बहुतेक तीन-चार स्वरांत फिरतात, आणि रागाला किमान पाच स्वर लागतात. यात कमीपणा काही नाही; थोड्या स्वरांमुळेच ती गाणी लहान मुलीला एकदा ऐकून पाठ होतात. त्यांची तुलना करायचीच तर ओळींची लांबी, पुन्हा पुन्हा येणारं पालुपद आणि प्रश्नोत्तराची रीत यांवर करावी. पोळ्याच्या झडत्यांना (बैलांपुढे म्हणायच्या यमकदार ओळींना) तर चालही नसते. झडती गायची नसते, म्हणायची असते. तिथे फक्त लय आणि यमक मोजा.

पेटीवर सगळंच तपासता येत नाही, हेही मुलांना सांगायला हवं. जावामधल्या गामेलान या वाद्यताफ्याच्या स्लेंद्रो पद्धतीतही पाच स्वर आहेत, पण ते सप्तकात जवळजवळ सारख्या अंतरावर बसतात आणि प्रत्येक वाद्यसंचाची जुळणी थोडी वेगळी असते. पेटीत ते सापडत नाहीत. जवळची पट्टी दाबली की कान भूपाकडे ओढला जातो आणि नसलेलं साम्य दिसू लागतं. इंग्रज अभ्यासक अलेक्झांडर एलिस यांनी 1885 मध्ये सप्तकाचे 1200 सूक्ष्म भाग करून निरनिराळ्या देशांचे स्वर मोजले ते याचसाठी. पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत असे 100 भाग असतात, तर स्लेंद्रोच्या दोन स्वरांत साधारण 240. ही गाणी तुलनेला घ्यायची तर रेकॉर्डिंग ऐकवा, पेटी बंद ठेवा.

निवेदनाचं वाक्य असं करता येईल : 'या चिनी लोकगीतात भूपातलेच पाच स्वर ऐकू येतील; पण ते विसावतं पंचमावर, म्हणजे प वर, म्हणून त्याचा रंग वेगळा आहे. चाल त्यांची, भजनाची चाल आपली.' हे बोलताना पेटीमास्तरांनी आधी भजनाचा सा आणि मग मोलीह्वाचा शेवटचा स्वर धरून दाखवावा. मुलांसाठी भूपाचा सा काळी तीनऐवजी काळी एकला घ्या. या गाण्याचा पल्ला खालच्या प पासून वरच्या सा पर्यंत आहे, आणि काळी तीनच्या वरच्या सा वर मुलांचे आवाज चिरकतात.