नवरा पुण्यात, अर्ज अमेरिकेचा

प्रश्न : माझे मिस्टर जन्माने अमेरिकन नागरिक. लहानाचे मोठे न्यू जर्सीत झाले, पण गेली ४ वर्षं नोकरीसाठी पुण्यात आहेत. आता आम्हाला तिकडे कायमचं जायचंय. सासरे म्हणतात, आधी यांनी ६ महिने तिकडे राहायला हवं, तरच माझा अर्ज भरता येईल. मला पाचवा महिना आहे. त्यांना खरंच आत्ता जावं लागेल का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, मुळीच नाही. या दिवसांत त्यांना तुमच्याजवळच राहू द्या. बायकोसाठी आय-१३० (नातेवाइकाला तिकडे कायमचं नेण्यासाठीचा अर्ज) भरताना नागरिक अमेरिकेतच राहत असावा, अशी अट नाही. पुण्यात बसून ऑनलाइन भरता येतो.

राहण्याचा प्रश्न येतो तो पुढे, आय-८६४ या, बायकोचा आर्थिक भार उचलण्याच्या हमीपत्राच्या वेळी. तिथे नवऱ्याचं डोमिसाइल, म्हणजे कायमचं वास्तव्य, अमेरिकेत असावं लागतं. नसेल, तर तुम्ही तिथे पाऊल ठेवाल तोपर्यंत तेही तिथे घर करतील, हे पटवावं लागतं. आम्ही नेमके इथेच अडलो. माझ्या नणंदेनं जॉइंट स्पॉन्सर (नवऱ्याच्या जोडीनं हमी देणारी) म्हणून सही केली होती, पगार भरपूर, म्हणून आम्ही निश्चिंत. व्हिसाच्या मुलाखतीच्या खिडकीतून मात्र एक चिठ्ठी हातात पडली : यजमानांच्या डोमिसाइलचा पुरावा आणा. जॉइंट स्पॉन्सरनं फक्त उत्पन्नाची उणीव भरून निघते, हे तेव्हा कळलं. आपल्याकडे तहसीलमधून दाखला मिळतो, तसं तिथे काही नाही. कागद जमवूनच दाखवावं लागतं. आम्ही नवऱ्याचं ऑफर लेटर, तिथल्या बँकेचं स्टेटमेंट, भाड्याच्या घराचा करार आणि इथल्या नोकरीचा राजीनामा जोडला, तेव्हा काम झालं. तुम्ही ही फाइल आजच उघडा. तिथला टॅक्स रिटर्नही बघा. पगार पुण्यात मिळत असला तरी नागरिकाला तो दाखवावा लागतो, आणि हमीपत्राला शेवटच्या वर्षाचं रिटर्न जोडावं लागतं.

वर्षं मोजायची ती बाळासाठी. बाळ इथे जन्मलं, तरी वडील त्याआधी एकूण ५ वर्षं प्रत्यक्ष अमेरिकेत राहिलेले असतील, त्यातली किमान २ वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची, तर बाळ जन्मतःच अमेरिकन नागरिक. मग त्याच्यासाठी व्हिसा नको, वकिलातीत जन्माची नोंद करायची. तेव्हा तिथे राहिल्याचा पुरावा म्हणून सासूबाईंना सांगून मिस्टरांची हायस्कूल-कॉलेजची जुनी मार्कशीटं आत्ताच शोधून ठेवा.