तलंगेच्या शिटेत रक्त: औषध सहांना, शुश्रूषा सातवीला

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सात गावरान पक्षी आहेत. त्यातली तीन महिन्यांची तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, दोन दिवसांपासून पिसं फुगवून, पंख खाली सोडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी आहे. दाण्याला तोंड लावत नाही, शिटेत रक्त पडतंय. आठवडाभर झड लागलेली आणि खुराड्यात काळी माती. तुम्ही टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणि हळदीचं पाणी दिलं, उतार नाही. शिवाय बाकीच्यांची अंडी खायची का, हेही विचारलंय.

ही लक्षणं रक्ती हगवणीची, म्हणजे कॉक्सिडिओसिसची आहेत. हा जंतही नाही आणि जिवाणूही नाही. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी आतड्याच्या अस्तरात शिरून वाढतो आणि ते अस्तर फोडून बाहेर पडतो. म्हणूनच रक्त येतं. टेट्रासायक्लिन जिवाणूंवर चालतं, याच्यावर नाही. हळदीने अपाय होत नाही, पण परजीवीही मरत नाही. कॅप्सूल बंद करा.

तरी आधी खात्री करून घ्या, कारण निम्म्या वेळा घाबरण्यासारखं काही नसतं. कोंबडी दिवसातून दोन-तीनदा चॉकलेटी रंगाची, पातळ, भयंकर वास मारणारी शीट टाकते. ती आंधळ्या आतड्यातून येते आणि ती निरोगीपणाचीच खूण आहे. अधूनमधून केशरी-गुलाबी सालपटं दिसतात, ती आतड्याच्या झडलेल्या अस्तराची. क्वचित दिसली तर तीही चालतात. रक्ती हगवणीत उघडं लाल रक्त किंवा रक्ताच्या गुठळ्या असतात, तुरा फिका पडतो आणि गुदाभोवतीची पिसं लडबडतात. तलंगेला एका डालग्याखाली वर्तमानपत्रावर ठेवा आणि दोन-तीन तासांनी कागद बघा. मातीवर पडलेल्या शिटेवरून अंदाज बांधू नका. खुडूक कोंबडीही पिसं फुगवून बसते, पण हात लावला की ती टोचते, गुरगुरते. आजारी तलंग उचलली तरी मान टाकून गप्प राहते. मान वाकडी होणं, हिरवट-पांढरी हगवण आणि दोन-तीन दिवसांत एकामागून एक मर, असं असेल तर ती मानमोडी. पुढचं काही तिला लागू नाही. आणि एकदम बरेच पक्षी मेले तर हात न लावता आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

आता औषध. अँप्रोलियम २० टक्के पाण्यात विरघळणारी पावडर पशुऔषधांच्या दुकानात मिळते. पूर्ण मात्रा एक लिटर पाण्याला १.२ ग्रॅम, पाच दिवस. त्यानंतर लिटरला ०.३ ग्रॅम, एक ते दोन आठवडे. तुमच्या पाकिटावरचा टक्का वेगळा असेल तर हे आकडे चालणार नाहीत. ९.६ टक्क्यांचं द्रव औषध असेल तर पूर्ण मात्रा लिटरला २.५ मिली होते.

१.२ ग्रॅम मोजायचं कसं? किराणा दुकानाच्या काट्यावर ते उमटत नाही आणि चमच्याच्या मापावर भरवसा नको. सोनाराकडून १२ ग्रॅम तोलून आणा. ‘तोळाभर’ म्हणू नका, ग्रॅम सांगा. जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वर होता, आता सराफ तो १० चा धरतात. घरी गुळगुळीत कागदावर त्या पावडरीची सरळ, सारख्या जाडीची पट्टी ओढा. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने तिचे आधी दोन आणि मग प्रत्येकी पाच भाग करा. दहा पुड्या झाल्या, एक पुडी एका लिटरला. सात पक्ष्यांना दिवसाला दीड-दोन लिटर पुरतं, उन्हाचा दिवस असेल तर जास्त लागतं. रोज सकाळी उरलेलं पाणी फेकून नवं करा.

औषध दाण्यातून न देता पाण्यातून देतात, त्याला कारण आहे. आजारी पक्षी खाणं आधी सोडतो, पिणं शेवटी. पण हाच उपाय आपल्याकडे सर्रास फसतो, कारण औषधाचं भांडं खुराड्यात आणि कोंबड्या पितात मोरीच्या डबक्यातलं, जनावरांच्या हौदातलं नाहीतर अंगणात साचलेलं पावसाचं पाणी. पाच दिवस सगळ्या पक्ष्यांना कोंडून ठेवा. दुसरं पाणी दिसताच कामा नये. सातही पक्ष्यांना द्यायचं, एकटीला नाही. सगळे त्याच मातीत चोची मारत होते.

अँप्रोलियम चालू असताना बी-कॉम्प्लेक्स किंवा मल्टिव्हिटॅमिनचं टॉनिक देऊ नका. ‘अशक्त झालीय’ म्हणून दुकानदार हमखास सोबत देतात. हे औषध थायमिनसारखं, म्हणजे जीवनसत्त्व बी-१ सारखं दिसतं आणि परजीवीला खरं थायमिन मिळू देत नाही. त्याची कामाची रीत एवढीच. टॉनिकमधून थायमिन ओतलंत की औषधावर पाणी पडलं. टॉनिक पूर्ण मात्रेचे दिवस संपल्यावर, पशुवैद्यकांना विचारून. जीवनसत्त्व ए आणि के मात्र फाटलेल्या आतड्याला आत्ताच हवी असतात. लसूणघास किंवा शेवग्याचा पाला बारीक चिरून टाकला तरी भागतं.

सगळ्यात जास्त गैरसमज पुढच्या गोष्टीचा आहे. अँप्रोलियमचा जोर परजीवीच्या सुरुवातीच्या अवस्थेवर, म्हणजे पोटात गेल्यावर तिसऱ्या दिवसाच्या आसपास असतो. रक्त दिसतं ते चौथ्या-पाचव्या दिवशी. म्हणजे तलंगेच्या शिटेत रक्त आलं तेव्हा तिचं बरंच नुकसान होऊन गेलं होतं आणि ते औषध भरून काढत नाही. औषध खरं वाचवतं ते बाकी सहांना. सातवी वाचते ऊब आणि पाण्याने. बहुतेक पक्षी परजीवीपेक्षा रक्त आणि पाणी अंगातून गेल्यानेच दगावतात.

तिला घरात आणा. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, खाली कोरडं पोतं, वर कागद. सोयाबीनचं भुसकट ओलसर किंवा बुरसटलेलं असेल तर घालू नका, बुरशीने छाती धरते. ऊब द्यायला जुना ४० किंवा ६० वॉटचा पिवळा बल्ब खोक्याच्या एका टोकाला दीड-दोन फूट वर टांगा, म्हणजे नको वाटलं तर तिला दुसऱ्या टोकाला सरकता येईल. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. लोक तो लावून निर्धास्त होतात. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. ती चोच उघडून धापा टाकू लागली तर ऊब जास्त झाली.

पाणी पाजताना घशात पिचकारी मारू नका. जिभेच्या बुडाशी श्वासनलिकेचं तोंड उघडं असतं, पाणी तिकडे गेलं की कोंबडी हातात मरते. तिला कुशीत धरा, मान सरळ ठेवा आणि ड्रॉपरने चोचीच्या कडेला एक-एक थेंब सोडा. थेंब चोचीच्या फटीत ओढला जातो आणि ती गिळते; गिळल्यावर गळ्याशी हालचाल दिसते, मगच पुढचा थेंब. दर दोन तासांनी ५ ते १० मिली, तेही औषधाचंच पाणी. दिवसातून एक-दोन वेळा त्याऐवजी ओआरएस, पण एक लिटरचं पाकीट दोन लिटर पाण्यात करून. कोंबडीला मीठ फार झेपत नाही. स्वतःहून प्यायला लागली की हाताने पाजणं थांबवा.

खायला ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, गार करून, त्यात उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून. अख्खी ज्वारी, मका पहिले तीन-चार दिवस नको. रोज सकाळी खायला घालण्याआधी गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपा. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. सकाळीही भरलेली, कणकेच्या गोळ्यासारखी लागली तर वरून आणखी कोंबू नका, फक्त पाणी द्या आणि डॉक्टरांना दाखवा. रोज ठरल्या वेळी तिला वजनकाट्यावर ठेवलंत तर डोळ्यांना दिसण्याआधी आकडा सांगतो. घट थांबली की निम्मं काम झालं.

पिणं सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत ती डोळे उघडून बघायला लागते आणि दोन-तीन दिवसांत रक्त थांबतं. तिसऱ्या दिवशीही रक्त असेल तर औषध बदलावं लागेल किंवा निदान तरी. टोलट्राझुरिल हे दोन दिवसांत काम उरकणारं जोरदार औषध आहे, पण खाण्यासाठी अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ते चालत नाही. सल्फाची औषधं मात्रा चुकली तर रक्तस्राव वाढवतात, आपल्या मनाने नकोत. ताजी शीट झाकणाच्या बाटलीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात न्या. सूक्ष्मदर्शकाखाली परजीवीची अंडी दिसतात. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, १९६२ या क्रमांकावर फिरतं पथकही मागवता येतं.

खुराड्याचं काम त्याच दिवशी, औषधाच्या बरोबरीने. शिटेतून पडलेली परजीवीची अंडी लगेच रोग देत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती पिकतात. म्हणून शीट रोज खरवडून काढली तर ती पिकण्याआधीच बाहेर जाते. आठवड्यातून एकदा केलेल्या स्वच्छतेचा या रोगाला उपयोग नाही. उन्हाळ्यात आपल्याकडची जमीन भट्टीसारखी तापते तेव्हा हा रोग दबून असतो, मृगाचा पाऊस पडला की उठतो आणि परतीच्या पावसात पुन्हा. काळी माती ओल धरून ठेवते, वर पायाला चिकटून थेट पाण्याच्या भांड्यात पोचते. वरची दोन बोटं माती काढून खड्ड्यात पुरा आणि वीतभर मुरूम टाकून धुमसून घ्या. फिनाइलने ही अंडी मरत नाहीत, नुसता वास जातो. भांडी आणि बसायचे दांडे उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात टाका. भांडं पक्ष्याच्या पाठीइतक्या उंचीवर, विटांवर ठेवा, म्हणजे त्यात शीट पडणार नाही.

कागदावर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले तर पट्टकृमीही आहे. त्याच्यावर अँप्रोलियम चालत नाही, आणि पिपराझिन हे जंताचं औषध फक्त गोलकृमीवर चालतं. पण अशक्त पक्ष्याला जंताचं औषध आज नको, पंधरवडा जाऊ द्या. आणि तुरा फिका आहे पण रक्त कुठेच नाही, असं एखाद्या कोंबडीचं दिसलं तर रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या भेगा बघा. कोंबडीची गोचीड दिवसा तिथे दडते आणि रात्री रक्त पिते.

तलंगेला सात-आठ दिवसांनी, शीट घट्ट झाल्यावर, संध्याकाळी अंधार पडता पडता बाकीच्यांत सोडा. दिवसा सोडली तर टोचून काढतील. तिचं पहिलं अंडं लांबेल, त्याला इलाज नाही.

अंड्यांचं असं: हा परजीवी कोंबडीचा, माणसाला लागत नाही. अँप्रोलियमसाठी अमेरिकेत अंडी न खाण्याचा काळ शून्य दिवस धरलाय, पण तुमच्या पाकिटावर काही दिवस लिहिले असतील तर तेवढे पाळा. सल्फा किंवा टेट्रासायक्लिन दिलेल्या कोंबडीची अंडी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपेपर्यंत खाऊ नका आणि विकूही नका. कॅप्सूल एकट्या तलंगेला दिली की सगळ्यांच्या पाण्यात घातली, ते तुम्ही लिहिलं नाही. पाण्यात घातली असेल तर बाकीच्यांची अंडीही थांबवा.