रक्ताच्या रिपोर्टवरून वय ५७?

प्रश्न : माझं वय ४८. निपाणी तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. गावातल्या शिबिरात रक्त तपासून घेतलं. मुलगा पुण्याला असतो. त्यानं रिपोर्टमधले नऊ आकडे मोबाइलवर कुठंतरी भरले आणि माझं ‘जैविक वय’ ५७ आल्याचं कळवलं. हिमोग्लोबिन १०.१, एमसीव्ही ७७, आरडीडब्ल्यू १६.४, सीआरपी ६, उपाशीपोटी साखर १०४. त्या आठवड्यात सर्दी-खोकला होता. जिना चढताना धाप लागते. आई जन्मभर विड्या वळायची, घरात तंबाखूची धूळ असायची. त्यानं शरीर लवकर झिजलं असेल का?

उत्तर : ताई, ५७ हा आकडा आधी बाजूला ठेवा आणि हिमोग्लोबिनकडं बघा. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तो अ‍ॅनिमिया. तुमचं १०.१ आहे आणि धापही लागते. मी बेळगावात पॅथॉलॉजीचं काम करते. असे रिपोर्ट रोज हाताखालून जातात आणि ‘बायकांचं रक्त कमीच असतं’ म्हणून घरोघरी कपाटात पडून राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मुलानं वापरलेलं सूत्र बहुधा मॉर्गन लेव्हिन या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली मांडलेलं आहे. अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, साखर, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारा आकडा), लिम्फोसाइटची टक्केवारी, एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान), आरडीडब्ल्यू, अल्कलाइन फॉस्फेटेज, पांढऱ्या पेशी हे नऊ आकडे आणि खरं वय त्यात जातं. अमेरिकेतल्या हजारो लोकांच्या रक्ततपासण्या आणि पुढं त्यांच्यातलं कोण कधी दगावलं, यावरून ते बसवलंय. मोठ्या समूहांच्या अभ्यासाला ते उपयोगी आहे. सर्दी झालेल्या एका बाईच्या एका दिवसाच्या रक्तावरून तिचं आयुष्य मोजायला नाही.

मुलाला एक विचारा. सीआरपीचा ६ त्यानं जसाच्या तसा भरला का? आपल्याकडच्या लॅब सीआरपी बहुतेक वेळा लिटरमागं मिलिग्रॅममध्ये देतात, मूळ सूत्राला ते डेसिलिटरमागं, म्हणजे लिटरच्या दहाव्या भागामागं लागतं. म्हणजे ०.६ भरायला हवं होतं. एवढ्या एका चुकीनं वय जवळजवळ अडीच वर्षांनी फुगतं. शिवाय सर्दी-खोकल्यात सीआरपी आणि पांढऱ्या पेशी वाढू शकतात.

खरा भार आरडीडब्ल्यूचा आहे. तांबड्या पेशी एकसारख्या आहेत की लहान-मोठ्या, हे तो सांगतो. साधारण १४.५ पर्यंत ठीक. या सूत्रात तो एका अंकानं वाढला की वय साडेतीन वर्षांहून जास्त चढतं. तुमचा जवळजवळ दोन अंकांनी वर आहे, म्हणजे सातेक वर्षं एकट्या त्याचीच. पण तुमचा एमसीव्हीही कमी आहे, पेशी बारीक आहेत, आणि हेच सूत्र बारीक पेशींना तरुण धरतं! लोह कमी पडलं की पेशी बारीक होतात आणि त्यांच्या आकारात फरकही पडतो. एकच दुखणं सूत्राला दोन्हीकडं ओढतं. मग त्या बेरजेला तुमचं वय कसं म्हणायचं?

विड्यांचं म्हणाल तर, तंबाखूची धूळ फुप्फुसाला वाईटच, आणि धाप लागते म्हणून डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. पण या रिपोर्टवरून तो दोष आईच्या कामावर टाकता येत नाही. तुम्ही स्वतः मशेरी लावत असाल तर तेही सांगा, लाजू नका. आपल्या भागात कितीतरी जणी लावतात.

आता सर्दी पूर्ण बरी झाल्यावर फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा तपासा. अंगात सूज-संसर्ग असताना फेरिटिन खोटं चांगलं दिसतं. तुमच्या वयात पाळी अंगावरून जास्त जाते का, हे डॉक्टरांनी विचारलंच पाहिजे, नाही विचारलं तर तुम्ही सांगा. मूळव्याध, शौचातून रक्त, आम्लपित्ताच्या गोळ्या हेही सांगा. नुसत्या लोहाच्या गोळ्या आणून खाऊ नका, रक्त जातंय कुठं ते आधी कळू द्या. जेवणाला लागून चहा घेत असाल तर तास-दोन तास पुढं ढकला, भाजीवर लिंबू पिळा. साखर १०४ म्हणजे किंचित जास्त, ती पुन्हा उपाशीपोटीच बघा. लोह कमी असताना तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, खोटी जास्त येऊ शकते.

आणखी एक, मुलालाही वाचून दाखवा. औषध लागू पडलं की नव्या, नीट आकाराच्या पेशी जुन्या बारीक पेशींत मिसळतात आणि आरडीडब्ल्यू आधी आणखी वाढतो. त्या महिन्यात आकडे भरले, तर तुम्ही बऱ्या होत असताना ‘वय’ वाढलेलं दिसेल. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. त्यामुळं महिन्याभरानं नुसतं हिमोग्लोबिन बघा, ते चढायला लागलेलं असावं. बाकीचे आकडे बघायचेच असतील तर चार महिन्यांनंतर, त्याच लॅबमध्ये, सर्दी-ताप नसताना.